हुदैदा (लढाईत सापडलेलं बंदर)

येमेनचं तांबड्या समुद्रावरचं बंदर. मराठी पेपरांत होदेइदा, होडेडा असंही छापतात, पण अरबी उच्चाराला हुदैदा जवळचं म्हणून इथे तेच घेतलंय. गावाचा पहिला उल्लेख साधारण १५ व्या शतकाच्या मध्यातला धरतात. आजचं खोल पाण्याचं बंदर १९६१ च्या सुमारास सोव्हिएत मदतीने झालं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये हूथींनी, म्हणजे उत्तर येमेनच्या बंडखोरांनी, शहर घेतलं, मार्च २०१५ पासून त्यांच्याविरुद्ध सौदी आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. लोक मेले ते फक्त बॉम्बने नाही, बंदर मंदावल्यामुळेही, म्हणून क्रेनचं नीट सांगायला हवं. ऑगस्ट २०१५ च्या हल्ल्यात धक्क्यावरच्या ४ मोठ्या क्रेन मोडल्या. मग जहाज आलं तरी माल स्वतःच्याच क्रेनने उतरवा, दिवसच्या दिवस जातात. बडोद्यात हाथीखान्याच्या धान्यबाजारात ज्याने गव्हाचे ट्रक खाली होताना पाहिलेत त्याला हे सांगायला नको, गाडी अडकली की भाडं चढतं आणि ते शेवटी पिठाच्या भावात निघतं, इथे तर अख्खं जहाज अडकायचं. जागतिक अन्न कार्यक्रमाने ४ फिरत्या क्रेन पाठवल्या, त्या जानेवारी २०१७ मध्ये आघाडीने समुद्रातूनच परत पाठवल्या आणि पोचल्या थेट जानेवारी २०१८ मध्ये. पूर्ण वर्ष गेलं! शिवाय मे २०१६ पासून समुद्रापलीकडच्या जिबूतीहून जहाजांची संयुक्त राष्ट्रांकडून तपासणी होती, पण ती पास झाली तरी आघाडीचं नौदल जहाजं थांबवून ठेवायचं.

देशाची ७० टक्के आयात हुदैदातून होते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा शेजारच्या सलीफ बंदरासकट धरलेला बरा. दक्षिणेच्या एडन बंदरावरून भागेल असंही म्हटलं गेलं, पण एडन लांब आणि मधे लढाईची फळी, त्यामुळे ते पटत नाही. गहू तर जवळपास सगळाच बाहेरून येतो.

१३ जून २०१८ ला आघाडीच्या फौजांनी शहरावर मोठी चढाई केली, अडीच लाख जीव धोक्यात येतील असं संयुक्त राष्ट्रांनी आधीच बजावलं होतं. २ ऑगस्टला मासळीबाजार आणि अल-थौरा हॉस्पिटलजवळ डझनावारी माणसं मेली. हवाई हल्ला की उखळी तोफा यावर वाद आहे, सापडलेल्या तुकड्यांवरून कल तोफांकडे जातो.

त्याच वर्षी सप्टेंबरपासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत शहराच्या कडेच्या 'रेड सी मिल्स' या पिठाच्या गिरणीतल्या ५१,००० टन गव्हापर्यंत कुणाला पोचता आलं नाही. ५० किलोची १० लाखांवर पोती, ३७ लाख लोकांचं महिन्याचं अन्न, आणि त्याला कीड लागली. हे लिहिताना अजून हात थांबतो.

डिसेंबर २०१८ मध्ये येमेन सरकार आणि हूथींमध्ये झालेल्या स्टॉकहोम करारानंतर मोठी चढाई थांबली. २०२१ अखेरपर्यंत येमेनभरात ३,७७,००० बळी असा यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) अंदाज आहे, त्यातले सुमारे ६० टक्के भूक, आजार अशा कारणांनी.

आपल्या बाजूने बघितलं तर एप्रिल २०१५ च्या 'ऑपरेशन राहत'मध्ये नौदलाने भारतीयांना हुदैदातूनही काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात इथल्या किनाऱ्याजवळ हवाई हल्ल्यात भारतीय खलाशी गेले, आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावरून लाकडी वहाणं घेऊन निघणारी माणसं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आघाडीच्या फौजा शहराभोवतून मागे हटल्या. आसपासच्या शेतांत सुरुंग तसेच राहिले.