पार्श्वभूमी : गाण्यानंतर प्रहसनच का यायचे?

सार्वजनिक दूरचित्रवाणीवर एकाच संध्याकाळी ख्याल, प्रहसन, नृत्य, मुलाखत आणि कवितावाचन ओळीने का लागायचे, याचे कारण बहुतेक जण त्या काळच्या अभिरुचीत शोधतात. आधी हिशेब पाहायला हवा. प्रक्षेपक एक, स्टुडिओ एक, फार तर दोन, तास मोजके. घरात संचही एकच आणि त्याच्यासमोर आजीपासून नातवापर्यंत सगळे. कोणाला तरी आवडेल असे काहीतरी दर दहा मिनिटांनी आणणे भागच होते.

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेही दुपारी एक तास आणि रात्री एक तास एवढेच. पहिल्याच दिवशी गायिका, टॅप नर्तकांची जोडी आणि बशा फिरवणारे चिनी कसरतपटू असा संमिश्र कार्यक्रम झाला. सुरुवातीला दोन तंत्रे आलटून पालटून वापरली जात. संशोधक जॉन बेअर्ड यांच्या, चित्र २४० आडव्या रेषांत पाठवणाऱ्या पद्धतीत मोठ्या दृश्यांचे चित्रण फिल्मवर होई, ती तिथल्या तिथे धुतली जाई आणि मिनिटभराच्या आत ओली असतानाच चित्र पुढे जाई. फिल्म धुण्याच्या टाकीला जखडलेला कॅमेरा जागचा हलत नसे. नाचणाऱ्याने दोन पावले जास्त टाकली, की तो चौकटीबाहेर. मार्कोनी-ईएमआय या कंपनीची पद्धत ४०५ रेषांची होती, तिचे कॅमेरे हलवता येत. फेब्रुवारी १९३७ पासून तीच राहिली.

मात्र नेपथ्य बदलायचे कधी, हा प्रश्न कॅमेरे हलते झाल्यावरही उरलाच. थेट प्रक्षेपणात थांबायची सोय नसते. त्यावरचा तोडगा रंगभूमीकडे तयार होता. इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्ये पुढचा पडदा टाकून त्याच्यासमोर एकटा विनोदवीर बोलत राही आणि मागे हातोडे चालत. संगीत नाटकातल्या रस्त्याच्या पडद्याचा उपयोग वेगळा नव्हता, आणि तमाशातल्या गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाला सरावलेल्या प्रेक्षकाला गाणे आणि थट्टा शेजारी बसवलेली खटकण्याचे कारण नव्हते.

भारतात दिल्लीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, रोजचे झाले ते १९६५ मध्ये. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचाच भाग होते, वेगळे झाले १९७६ मध्ये. त्यामुळे मिनिटांवर बेतलेली गायनसभा आणि निवेदनाने जोडलेले कार्यक्रम ही रीत आयतीच मिळाली. मुंबई केंद्राच्या ‘गजरा’ या कार्यक्रमाचे नावच रचना सांगते : छोट्या नाटुकल्या ही फुले, निवेदन हा दोरा.

तो दोरा ओवायचा तर हिशेब उलटा मांडावा लागतो. समजा, पंचवीस मिनिटे आहेत. शीर्षक आणि श्रेयनामावली मिळून दीड मिनिट, पाऊण-पाऊण मिनिटाची चार निवेदने म्हणजे तीन. उरली साडेवीस. त्यात चार कलाप्रकार बसवायचे. म्हणून शेवटाकडून मोजत येऊन प्रत्येकाची सुरुवात घड्याळाच्या कोणत्या काट्यावर हवी, ते निर्माता लिहून ठेवतो. ताणता किंवा आवरता येईल असा प्रकार शेवटी ठेवायचा. भजन एका आवर्तनाने कमी करता येते, पण प्रहसनाचे शेवटचे वाक्य कापले तर प्रहसनच मेले.

गायनाची गोची निराळी. प्रखर दिव्यांखाली तबल्याचे चामडे तापून ताणले जाते, स्वर चढतो. तंबोऱ्याच्या, सतारीच्या तारा मात्र तापून सैल पडतात, स्वर उतरतो. वातानुकूलित खोलीत जुळवलेली वाद्ये सेटवर आली, की पाचच मिनिटांत एकमेकांपासून फारकत घेतात. उपाय एकच : दिवे पूर्ण लावून किमान पंधरा मिनिटे आधी तिथेच बसून जुळवणे. ती पंधरा मिनिटे मिळावीत म्हणून आधीचा प्रकार दुसऱ्या कोपऱ्यात, आवाज एकमेकांत मिसळणार नाही असा हवा. मुलाखत किंवा फिल्मचा तुकडा इथे उपयोगी पडे. नृत्यानंतर लगेच गायन ठेवणे हा नवशिक्याचा घोळ, कारण मोकळी केलेली जमीन, सतरंजी, माइकचे स्टँड आणि केबली हे सगळे एकाच निवेदनात जमत नाही.

कृष्णधवल कॅमेऱ्याला शुभ्र पांढरे सोसत नसे. धोतर-सदरा लख्ख असला, की चेहरा काळवंडे, म्हणून किंचित मळकट किंवा फिकट रंगाचे कपडे सुचवले जात. बारीक रेघांची साडी पडद्यावर झिरमिरते, हा त्रास रंग आल्यावरही गेला नाही.

ध्वनिचित्रमुद्रण आल्याने सगळे सुटले असे वाटेल. अँपेक्स या अमेरिकी कंपनीची दोन इंची टेप १९५६ मध्ये आली, पण तिचे संकलन म्हणजे सुरुवातीला अक्षरशः पात्याने कापणे. त्यात चित्र आणि त्याचाच ध्वनी टेपवर सुमारे नऊ इंच, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त, अंतरावर. चित्रावर नेमका काप घेतला, की आवाज चुकलाच. टेप महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. बीबीसीतही ती १९७० च्या दशकाअखेरपर्यंत चालली. रोजच्या करमणुकीचे मुद्रण जपावे असे फार कोणाला वाटले नाही, हे आज बोचते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ पासून रंग आले आणि राष्ट्रीय कार्यक्रमाने रात्रीचा मोठा वेळ दिल्लीकडे नेला. दिल्लीत १९८४ मध्ये आणि पाठोपाठ मुंबईत दुसरी वाहिनी आली. मग मालिका, पुढे केबल. ख्यालाच्या आशेने प्रहसन किंवा प्रहसनाच्या आशेने ख्याल पाहत बसण्याची सक्ती संपली, तशी मिश्र संध्याकाळही. राहिला तो ३१ डिसेंबरच्या रात्रीचा कार्यक्रम. मुद्रण झाल्यावर सरळ संकलनात हवा तसा क्रम लावता येऊ लागला, सतरंजी उचलायलाही कोणी खोळंबेना. तरीही दोन गाण्यांच्या मध्ये विनोदवीर उभा राहायचाच.