सेवेत असताना मृत्यू किंवा अपंगत्व: एनपीएसमधल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा अर्ज

1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्र सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली) आहे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने त्यात मोठी दुरुस्ती झाली. सेवेत असताना कर्मचारी गेला तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी), तर आजारपणामुळे नोकरी सोडावी लागल्यास कर्मचाऱ्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळतं. मुंबई महापालिकेचे नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी आपल्या खात्यात विचारावं.

मृत्यूनंतर एनपीएसचे पैसे काढायचा फॉर्म घाईने भरू नका. कुटुंब निवृत्तिवेतन घेतलं की खात्यातलं सरकारचं अंशदान आणि त्यावरचा लाभ सरकारजमा होतो. कर्मचाऱ्याचा हिस्सा मात्र कुटुंबाचाच राहतो. आधीच सगळी रक्कम उचलली, तर हा हिशेब सोडवताना प्रकरण अडकतं. शेवटचं मूळ वेतन 40,000 असेल तर 30 टक्क्यांप्रमाणे महिना 12,000 आणि वर महागाई भत्ता, त्यामुळे एनपीएसचे पैसे आणि कुटुंब निवृत्तिवेतन या दोन्ही बाजूंचा आकडा मांडूनच विकल्प द्या.

अर्ज शेवटच्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत द्यायचा. मृत्यू दाखला, वारसांचे आधार व पॅन, फोटो, बँक पासबुक आणि मुलांचे जन्मदाखले सोबत जोडा. तिथून सेवापुस्तकासह मुंबईतलं प्रकरण चर्चगेटच्या महालेखापाल कार्यालयात जातं आणि पैशांचं प्रदान वांद्र्याच्या अधिदान व लेखा कार्यालयातून होतं.

प्रकरणं परत येतात ती बहुतेक नावांवरून. सेवापुस्तकात 'सुनीता', आधारवर 'सुनिता', पासबुकात माहेरचं आडनाव! कुटुंबाचा तपशील असलेला नमुना 3 लग्नाआधी भरलेला असतो आणि पुढे कुणी त्याला हात लावत नाही. आज सेवेत असलेल्यांनी ही नोंद याच महिन्यात तपासावी. त्यासाठी खर्च काहीच येत नाही.

अपंगत्व आलं असेल, तर रुग्णता निवृत्तिवेतनाच्या अर्जावर सही करण्याआधी थांबा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत अपंगत्व आलेल्याला सरकार कामावरून काढू शकत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पदावर ठेवावं लागतं. कार्यालयात हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून पर्यायी पदाची मागणी लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या.

कुठलंच काम शक्य नसेल, तर कार्यालयप्रमुखांचं पत्र घेऊन वैद्यकीय मंडळापुढे जायचं. खासगी डॉक्टरचा दाखला इथे चालत नाही. अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा 10 वर्षांहून कमी भरली, तर मासिक पेन्शनऐवजी एकरकमी सेवा उपदान मिळतं. म्हणून बिनपगारी रजेच्या नोंदी आधी नीट लावून घ्या, कारण वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली अशी रजा सेवेतून वजा होऊ शकते.