माझोव्हिया आणि माझुरी: एकाचं नाव, दुसऱ्याचं गाव

पोलंडच्या नकाशात वॉर्साभोवती पसरलेला प्रदेश माझोव्हिया. त्याच्या उत्तरेला सरोवरांनी भरलेली माझुरी. पहिली मध्ययुगातली नावाजलेली डची, म्हणजे ड्यूकचं राज्य. दुसरीला स्वतःचा ड्यूक कधी मिळालाच नाही. तरी नावं इतकी जवळची, कारण माझोव्हियाच्या माणसाला जुन्या पोलिशमध्ये 'माझुर'च म्हणत. (माझुर्का नाचही या माझुरांचा, म्हणजे माझोव्हियाचा. सरोवरांशी त्याचा संबंध नाही.)

डची जन्मली भाऊबंदकीतून. 1138 मध्ये पोलंडचा शासक तिसरा बोलेस्वाफ वारला आणि त्याने ठरवल्याप्रमाणे राज्याची मुलांत वाटणी झाली. पुढे त्याचा नातू कोनराड माझोव्हियाच्या गादीवर आला. उत्तरेकडच्या, अजून ख्रिस्ती न झालेल्या प्रशियन टोळ्या सतत धाडी घालत. त्यांना आवरायला कोनराडने 1226च्या सुमारास ट्यूटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन लढवय्या धर्मसंघाला, बोलावलं, वर हेल्मनोचा मुलूखही दिला. हे विकतचं दुखणं पुढे साऱ्या पोलंडला भोवलं: 1283पर्यंत सरदारांनी प्रशिया जिंकला आणि तिथे स्वतःचंच राज्य थाटलं.

पण त्या राज्याच्या दक्षिण भागात होतं नुसतं जंगल. ते तोडून जमीन कसायला माणसं हवी होती. चौदाव्या शतकापासून माझोव्हियाचे शेतकरी तिकडे सरकू लागले, बोली आणि नाव सोबत घेऊन. माझुरी झाली ती अशी.

इथवर माणसं एकच होती. फाटा फुटला तो धर्माने. 1525 मध्ये सरदारांचा प्रमुख आल्ब्रेख्त लुथरपंथी झाला, संघाचं राज्य त्याने स्वतःची डची करून टाकलं, आणि त्याच्याबरोबर प्रजेचाही पंथ बदलला. माझोव्हियातले माझुर कॅथलिकच राहिले. त्यांची डची मात्र पुढच्याच वर्षी संपली. शेवटचे दोघे भाऊ, स्तानिस्वाफ 1524 मध्ये आणि यानुश 1526 मध्ये, पंचविशीच्या आत निपुत्रिक गेले. विषप्रयोगाची कुजबुज एवढी वाढली की पोलंडचा राजा झिगमुंट याला चौकशी करावी लागली. निष्कर्ष निघाला, मृत्यू नैसर्गिक. माझोव्हिया मात्र राजाच्या पदरात पडली होती.

चार शतकांनी, 1920च्या सार्वमतात, माझुरी असलेल्या ओल्श्टिन विभागात 97 टक्क्यांहून अधिक मतं पूर्व प्रशियात, म्हणजे जर्मनीत, राहण्याच्या बाजूने पडली. पोलिश बोली बोलणाऱ्या कितीतरी घरांनीही तोच कौल दिला. 1945 नंतर माझुरी पोलंडला मिळाली आणि ती घरं हळूहळू जर्मनीला निघून गेली. नाव तेवढं मागे राहिलं.