पाणीच भाता मारतं, पाणीच वाजवतं: तिवोलीच्या बागेतला ऑर्गन

रोमपासून साधारण 30 किलोमीटरवर तिवोली नावाचं गाव आहे, तिथे डोंगरउतार खोदून केलेली सोळाव्या शतकातली बाग, व्हिला देस्ते. इप्पोलितो देस्ते नावाच्या कार्डिनलने (म्हणजे पोपच्या हाताखालच्या बड्या धर्मगुरूने) पिर्रो लिगोरिओ या वास्तुकाराकडून डिझाइन करून घेतलेली. 51 कारंजी, 364 फवारे आणि पंप एकही नाही, आनिएने नदीचं पाणी वरच्या अंगाने वळवून आणायचं आणि उतारावर सोडून द्यायचं, बस. त्यातलं एक कारंजं चक्क ऑर्गन वाजवतं, म्हणजे नळ्यांमधून हवा सोडून वाजवायचं वाद्य.

हा ऑर्गन 1571 चा, फ्रेंच कारागिरांनी केलेला. पुढच्या वर्षी तेरावा ग्रेगरी पोप आला तर आत जाऊन बघायचंच म्हणून बसला, आणि बरोबरच आहे की, आपल्यालाही आधी आत कोणीतरी लपलंय असंच वाटलं असतं.

आता हे चालतं कसं? पेटी वाजवताना एक हात भात्यावर असतो, दुसरा पट्ट्यांवर. इथे दोन्ही हात पाण्याचेच.

भात्याचं आधी बघू. बादलीत उंचावरून नळाची धार सोडा आणि नीट बघा, धार आपल्यासोबत हवा ओढून नेते आणि बुडबुडे खाली तळापर्यंत जातात. इथे तेच मोठ्या प्रमाणावर, पाणी उभ्या पाइपातून हवा घेऊन एका बंद खोलीत कोसळतं, पाणी खालच्या तोंडाने निघून जातं, हवा मात्र वर अडकते आणि दाबली जाते. तिला वाट एकच, ऑर्गनच्या नळ्या. दाबही काही फार लागत नाही, ऑर्गनला साधारण 5 ते 10 सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा पुरतो, म्हणजे ग्लासात स्ट्रॉ बोटभर बुडवून बुडबुडे काढताना आपण फुंकतो ना, तेवढाच. पण तो सतत एकसारखा हवा, कमीजास्त झाला की सूर हललाच. नदीची धार एकसारखी येत असल्यामुळे तो प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरा हात म्हणजे एक पाणचाक. ते खिळे ठोकलेला दंडगोल फिरवतं, खिळा पट्टीला लागला की त्या नळीची हवा उघडते. चावीच्या म्युझिक बॉक्ससारखंच, फक्त चावी द्यायला कोणी नाही.

पण ज्या पाण्यावर हे सगळं चाललंय तेच त्याचं दुखणं पण आहे. तिवोली चुनखडीचा भाग, ट्रॅव्हर्टिन दगड इथलाच, त्यामुळे पाण्यात क्षार भरपूर. बोअरच्या पाण्याने गीझरचं काय होतं ते माहीतच आहे आपल्याला. त्यात यंत्राला कायमची ओल. काळाच्या ओघात ऑर्गन बंदच पडला, 2003 मध्ये तो पुन्हा वाजता झाला, आता 144 नळ्या आहेत.

मला स्वतःला मात्र याच बागेतलं घुबडाचं कारंजं जास्त आवडतं. ही आयडिया अलेक्झांड्रियाच्या हीरोन या ग्रीक यंत्रज्ञाची, जवळजवळ 2000 वर्षांपूर्वीची: भांड्यात पाणी भरत जातं तशी आतली हवा शिट्ट्यांमधून बाहेर पडते आणि धातूचे पक्षी गातात, भांडं भरलं की सायफनने सगळं पाणी एका बादलीत उतरतं, हवा थांबते म्हणून पक्षी गप्प, आणि बादलीच्या वजनाने घुबड गर्रकन त्यांच्याकडे तोंड करतं. बादली रिकामी झाली की ते पाठ फिरवतं आणि परत चिवचिवाट सुरू.