मावशीच्या फोटोतला पांढरा ठिपका

परवा मावशीच्या छातीचा फोटो काढला तर उजवीकडे मुगाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका, आणि रिपोर्टमध्ये 'कॅल्सिफाइड', म्हणजे कॅल्शियम साचलेला, असं लिहिलेलं. मावशी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, तीस वर्षं विड्या वळल्यात तिने. घरी आल्या आल्या तिने हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी बंद केली, दूध पण बंद, कारण शेजारच्या काकू म्हणाल्या की बोअरच्या पाण्याने बादलीला क्षार धरतो ना, तसंच छातीत झालंय. असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून जरा मागचं सांगतो.

रक्तात कॅल्शियम वाढून ते चांगल्या अवयवात जाऊन बसतं असा प्रकार खरंच आहे, जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शोने १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं, हाडं पोखरली गेलेल्या पेशंटमध्ये. पण मावशीचा ठिपका त्यातला नाही. हा दुसरा प्रकार, यात रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल असतं, खराब झालेली असते ती जागा.

होतं काय, की जिवंत पेशीच्या आत जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या साधारण दहा हजार पट बाहेर असतं आणि पेशी ते रात्रंदिवस बाहेर ढकलत असते. पेशी मेली की ढकलणारं कोणी उरत नाही, कॅल्शियम आत घुसतं, फुटलेल्या आवरणातून फॉस्फेट सुटतं, दोन्ही मिळून खडे धरतात, आणि हे खनिज हाडात असतं तेच, म्हणून तर फोटोत हाडासारखं पांढरं दिसतं. बादलीवरचा क्षार वेगळा, तो मुख्यतः कार्बोनेट.

१९०१ मध्ये हंगेरीच्या फॉन कोसाने सिल्व्हर नायट्रेट टाकून हे साठे काळे करून दाखवले, गंमत म्हणजे चांदी चिकटते ती कॅल्शियमला नाही, फॉस्फेटला. आता फुप्फुसातली जागा अशी खराब होण्याचं एक कारण म्हणजे टीबी. रॉबर्ट कोखने टीबीचा जंतू १८८२ मध्ये सांगितला, एक्स-रे आला १८९५ मध्ये, आणि १९१२ मध्ये अँटोन घोनने लहान मुलांच्या फुप्फुसातल्या टीबीच्या पहिल्या जखमेवर सविस्तर लिहिलं. तीच जखम बरी होताना बऱ्याचदा अशी चुन्याची गाठ होऊन बसते.

मावशीला लहानपणी महिनोन् महिने खोकला होता म्हणे. पेटीत २०१४ चा फोटो सापडला, ठिपका तिथेच, तेवढाच. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी धरून बघितले, आणि गोळी कालपासून परत चालू झाली.