गिअर अडतो तेव्हा दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी अजून धावतात, आणि त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार म्हणजे ‘गिअर पडत नाही’. एवढ्यावर गिअरबॉक्स खोलायला देऊ नये. तो खाली उतरवण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे घरीच कळू शकतं.

इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर गाडी जराशी ढकलून पुन्हा टाका, कारण दात समोरासमोर आले असतील. तरीही सगळे गिअर जड जात असतील, तर संशय आधी लिंकेजवर घ्या. बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगजवळ असतो. हाताची हालचाल सळ्या आणि बुशांमधून (सांध्यांत बसवलेल्या छोट्या नळ्यांमधून) गिअरबॉक्सपर्यंत जाते. बुश झिजले की हात पूर्ण फिरतो, पण गिअर सरकवणारा आतला काटा अर्ध्यावरच थांबतो. बुश स्वस्त असतात, म्हणून तिथूनच सुरुवात करावी.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केलं की करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे इंजिनपासून गिअरबॉक्स वेगळा होत नाही. याची खात्री रिव्हर्सवर होते. गाडी उभी ठेवून क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. क्लच सुटला असेल तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट थांबतो. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) घासत राहिली तर इंजिन त्याला फिरवतच ठेवतं आणि दात दातांवर आपटतात. सुटलेल्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना मिळणारी फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. त्यामुळे केबल थोडी ताणली गेली किंवा हायड्रॉलिक क्लचच्या तेलात हवा शिरली, तरी ती फट संपते. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर हवा किंवा गळकं सील शोधा. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही असते.

चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही उलटी तक्रार. इथे प्लेट घसरते: प्लेटवरचं लायनिंग (घर्षणाचं अस्तर) झिजलेलं असतं, त्यावर तेल आलेलं असतं किंवा पेडलला फ्री प्ले (क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी हालचाल) उरलेला नसतो. फ्री प्ले आधी तपासा, तो जुळवायला काहीच खर्च येत नाही.

बहुतेक पद्मिनींच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात जुळण्याआधी वेग सारखा करणारी यंत्रणा) नाही. चालत्या गाडीत तो करकरला तर तो बिघाड नव्हे. गाडी थांबवून टाकावा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रो रिंग आहे. ती घर्षणाने दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते आणि मगच दात जुळू देते. रिव्हर्स शांतपणे पडतो, पण एकच वरचा गिअर रोज खरखरतो, तर त्याची रिंग झिजली असं समजा. त्यासाठी मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

गिअरबॉक्समध्ये तेल भरताना डब्यावरचा दर्जा वाचा; तो जीएल-४, जीएल-५ असा लिहिलेला असतो. जीएल-५ तेलातल्या गंधकयुक्त रसायनांमुळे जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात, आणि ते जास्त निसरडं असल्यामुळे रिंगेला पकडही नीट मिळत नाही. अशा गिअरबॉक्सला जीएल-४ बरं. मेकॅनिक ‘हे जास्त भारी आहे’ म्हणाला तरी आग्रह सोडू नका.