सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला केमिकल मागवताय? आधी रिपोर्टमधला एक शब्द बघा

‘पीएसी काय भाव?’ आमच्याकडचे निम्मे फोन याच प्रश्नाने सुरू होतात. (पीएसी म्हणजे पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, फॉस्फरस काढायचं एक केमिकल.) भाव आम्ही लगेच सांगतो, पण माल किती लागेल ते फोनवर सांगत नाही. त्यावरून काही ग्राहक नाराज होतात, म्हणून कारण इथे लिहून देत आहोत.

सांडपाण्याच्या लॅब रिपोर्टवर ‘फॉस्फेट 18’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला 18 मिलिग्रॅम. हा आकडा फॉस्फेट म्हणून दिलाय की फॉस्फरस म्हणून, ते शेजारी बारीक अक्षरात असतं, कधी नसतंच. फॉस्फेटच्या वजनात फॉस्फरस जेमतेम एक तृतीयांश भरतो. म्हणजे फॉस्फेट 18 असेल तर फॉस्फरस 6 सुद्धा नाही. मर्यादा मात्र फॉस्फरसमध्ये मोजतात. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मध्ये नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला विरघळलेलं फॉस्फेट ‘फॉस्फरस म्हणून’ लिटरला 5 मिलिग्रॅम चालतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात 1 लिहिलं असेल तर अर्थात 1 धरायचं.

हिशेब करून बघा. रोज एक लाख लिटरचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) आहे आणि फॉस्फरस 1 वर आणायचाय. आकडा नीट वाचला तर 16 टक्के ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) असलेली तुरटी रोज साधारण 10 किलो लागते. तोच 18 फॉस्फरस समजून धरला तर 35 किलो! महिन्याला 6 गोण्यांच्या जागी 21.

एका सोसायटीत नेमकं हेच झालं. आधीच्या माणसाने लावून दिलेला डोस ऑपरेटर इमानदारीने टाकत होता. आम्ही गेलो तेव्हा पीएच 5.5 वर आला होता, सेटलिंग टँकवर पांढरट फ्लॉक (केमिकलने जमलेले गाळाचे पुंजके) तरंगत होता आणि फिल्टर दिवसातून तीनदा बॅकवॉश करावा, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवावा लागत होता. तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) खाते, आणि ती संपली की अमोनिया कमी करणारे जिवाणूच काम थांबवतात. शिवाय गाळ वाढतो आणि तो उचलायचे पैसे वेगळे. डोस खाली आणल्यावर प्लांट सावरला, पण सोसायटीचे दोन महिने गेले.

एक सोपी खूण सांगतो. घरगुती सांडपाण्यात एकूण फॉस्फरस साधारण 5 ते 10 असतो. त्याहून बराच मोठा आकडा दिसला तर माल मागवण्याआधी लॅबला फोन करा.

कोणतं केमिकल घ्यावं, हेही विचारलं जातं. भाव किलोवर नको, आतल्या धातूवर बघा. 16 टक्क्यांच्या तुरटीत ॲल्युमिनियम साधारण साडेआठ टक्के, 10 टक्के ॲल्युमिनाच्या लिक्विड पीएसीत सव्वापाच टक्के, आणि 40 टक्के फेरिक क्लोराइडमध्ये लोह पावणेचौदा टक्के. फेरिकच्या आकड्याने हुरळू नका, कारण तेवढाच फॉस्फरस काढायला लोह वजनाने ॲल्युमिनियमच्या दुप्पट लागतं. पीएसीने गढूळपणा छान बसतो आणि पीएच कमी उतरतो, म्हणून अल्कलिनिटी कमी असलेल्या प्लांटला आम्ही तोच सुचवतो. प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला वापरत असाल तर फेरिक शक्यतो टाळा, डोस जरा चुकला की कमोडला पिवळे डाग पडतात. तिन्ही माल आमच्याकडे आहेत, त्यामुळे एकच गळ्यात मारायचं आम्हाला कारण नाही.

जार टेस्ट, म्हणजे तुमच्याच पाण्याच्या नमुन्यावर वेगवेगळे डोस टाकून बघायची चाचणी, आम्ही फुकट करतो. कोटेशनला त्यामुळे एक दिवस जास्त लागतो, पण त्या एका दिवसाबद्दल आम्ही तडजोड करत नाही. ज्या जागी डोस द्यायचाय तिथलंच 5 लिटर पाणी आणा, नळ दोन मिनिटं वाहू देऊन भरा. डिटर्जंटचा किंवा फिनेलचा रिकामा कॅन धुऊनही नको, त्यात उरलेलं थोडं डिटर्जंटसुद्धा आकडा बिघडवतं. नवा कॅन आमच्याकडून घेऊन जा. सोबत शेवटचे तीन रिपोर्ट आणि रोजचं फ्लोमीटर रीडिंग द्या. सकाळी 11 पर्यंत नमुना आला तर दुसऱ्या दिवशी डोस, मासिक खप आणि भाव एकाच कागदावर मिळेल. पहिल्या खेपेला पंधरा दिवसांपुरताच माल घ्या. न फोडलेल्या गोण्या आम्ही परत घेतो.